अठरा वर्षे न बोललेला भिक्खू

निकेश बांबोळे वाईट माणूस नाही, असं आमच्याकडे सगळे म्हणतात. मीही म्हणते. वाईट व्हायचं तरी एखादी गोष्ट शेवटपर्यंत रेटावी लागते, आणि निकेशने वयाच्या एकतिसाव्या वर्षापर्यंत कोणतीच गोष्ट शेवटपर्यंत रेटलेली नाही.

तो ब्रह्मपुरीकडचा. वडील बापूजी बांबोळे धानाची शेती करतात आणि मुलाविषयी विचारलं की आभाळाकडे पाहतात. निकेशने आधी आयटीआयला वायरमनचा कोर्स घेतला. खांबावर चढलं की गरगरायचं, म्हणून सोडला. मग मोबाइल दुरुस्ती शिकायला गेला. बारीक स्क्रू हरवायचे, म्हणून तीही सोडली. शेवटी मूल गावात मावसभावाच्या फोटो स्टुडिओत बसायला लागला. तिथे चढायचं काही नव्हतं आणि हरवायचंही काही नव्हतं. लग्नाआधी नवरदेव-नवरीला तलावाच्या पाळीवर पळवायचं, मागून रंगीत धूर सोडायचा आणि ‘नॅचरल हसा, नॅचरल’ म्हणून ओरडायचं, एवढं काम होतं. ते त्याला जमलं.

मग एका हिवाळ्यात त्यांच्या भागातून बुद्धगया, सारनाथ, लुंबिनीची बस निघाली. निकेश फोटोग्राफर म्हणून सोबत गेला. बोधिवृक्षाखाली एक तिबेटी म्हातारे भन्तेजी दिवा लावत होते. त्यांचा त्याने फोटो काढला आणि त्या फोटोला एका स्पर्धेत दुसरा नंबर मिळाला. पहिला नंबर अर्थातच ताडोबाच्या वाघाला.

पुढे आमच्या घरी जेवायला बसला असताना त्याने मला स्वतःच्या तोंडाने सांगितलं, “आपल्या इथी वाघाच्या मागं दोनशे कॅमेरे आहेत, आंटीजी. भन्तेजीच्या मागं कोणीच नाई. फील्ड खाली आहे.”

बुद्धाच्या वाटेला लागलेले लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. कोणी दुःखाने लागतं, कोणी वाचून लागतं, आमच्यासारखे लोक आईबापांच्या पुण्याईने जन्मतःच लागलेले असतात. वाघाच्या रांगेत जागा नाही म्हणून लागलेला हा पहिलाच.

त्यानंतर तो श्रीलंकेला गेला, थायलंडला गेला, आणि थायलंडच्या पलीकडे लाओस म्हणून देश आहे तिथेही गेला. दरवेळी बारा दिवसांच्या ग्रुप टूरबरोबर. बारा दिवस जायचं आणि बारा महिने सांगायचं. थायलंडहून आल्यावर तो जोडलेले हात नाकापर्यंत नेऊन वाकायला लागला. कोणी ‘जय भीम’ म्हटलं की हा आधी वाकायचा, मग डोळे मिटायचा, मग उत्तर द्यायचा. तोवर समोरचा माणूस पुढे निघून गेलेला असायचा. केसांची शेंडीसारखी गाठ बांधली, हातात लाकडी मण्यांची माळ घातली. फेसबुकवर नावापुढे ‘ट्रॅव्हलर, सीकर’ असं लिहिलं.

आता त्याच्या फोटोंविषयी. मी फोटोतली जाणकार नाही, पण डोळे मलाही आहेत. त्याच्या फोटोतले भिक्खू सगळे पाठमोरे. कोणाच्या हातात छत्री, कोणी धुक्यात, कोणी खांबाला टेकून, आणि प्रत्येकाच्या अंगावर कुठून तरी एक पिवळी तिरीप पडलेली. त्या फोटोंत कोणीही काही करत नाही. विहिरीवरची बाई आहे, पण तिच्या हातातला दोर कोरडा. झाडणारा लहान भिक्खू आहे, पण पुढेही पाचोळा आणि मागेही पाचोळा. एकदा त्याने मला थायलंडमधली धानाची रोवणी दाखवली.

“पाहा, आंटीजी, डेली लाइफ.”

मी पाहिलं. बाई रोपांची हिरवीगार पेंढी छातीशी धरून धानाच्या बांधीत उभी होती. “हिच्या पोटऱ्यांले चिखल नाई,” मी म्हटलं.

“तो लाइटमुळे दिसत नसन.”

“दिवसभर रोवलेल्या बाईच्या पोटरीचा चिखल अंधारातबी दिसते, बाबू.”

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण आमची संघप्रिया त्याच्या नादी लागली.

नादी लागली म्हणजे लोक समजतात तसं काही नाही. ते असतं तर मला निस्तरायला सोपं गेलं असतं. संघप्रिया आमची एकुलती एक मुलगी, मराठीत एम.ए. चार वर्षं गडचिरोलीच्या अभ्यासिकेत सकाळी सातला जाऊन बसली आणि तिची ग्रामसेविका म्हणून निवड झाली. आदेश आला. तालुका एटापल्ली, वीस जानेवारीपर्यंत रुजू व्हा, नाहीतर निवड रद्द.

निकेश तिला त्याच अभ्यासिकेत भेटला होता. तिथे त्याने मुलांना ‘प्रवास आणि मी’ या विषयावर दीड तास भाषण दिलं, त्यात प्रवास दहा मिनिटं होता. भाषणानंतर त्याने विचारलं, फोटोखाली दोन-चार ओळी चांगल्या मराठीत कोण लिहून देईल? आमची उठली. चार महिने तो फोनवरून सांगायचा आणि ही लिहायची. असे चाळीस फोटो झाले. ते चंद्रपूरला प्रदर्शनात लागणार होते. आणि मग त्याने तिला नवीन कल्पना सांगितली: सहा महिने आशियाभर फिरायचं, बौद्ध मंदिरं, भिक्खू आणि तिथलं रोजचं जगणं यावर मोठं पुस्तक करायचं, फोटो त्याचे, मजकूर हिचा. तीन मुलंमुली अजून येणार होती. निघायची तारीख पंधरा जानेवारी.

“आई, परीक्षा पुन्हा देता येते. असा चान्स पुन्हा नाई येत,” ती म्हणाली.

“मंग चार वर्सं कोणासाठी घासली?”

“तुले एटापल्ली म्हटलं तरी झोप येत नाई आन् लाओस म्हटलं तरी झोप येत नाई. मी जाऊ तं कुठी जाऊ?”

हे खरं होतं. आदेश आला त्या दिवसापासून मी एटापल्लीच्या रस्त्याचा विचार करत होते. जंगल, पावसाळ्यात पुलावरून जाणारं पाणी, गावागावात नसलेलं नेटवर्क, एकटी मुलगी, स्कूटी. पण एटापल्लीला निदान आपल्या डेपोची गाडी जाते. सकाळी बसलं की दुपारी मुलीचं तोंड पाहता येतं. लाओसला कोणती गाडी जाते?

माझे यजमान हरिदास, गडचिरोली डेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले, त्यांना निकेश फार आवडायचा. कारण एकच. तो ऐकून घ्यायचा. आमच्या यजमानांना सकाळी डोळे उघडल्यापासून बोलायला माणूस लागतो. माणूस नसेल तर ते कुकरशी बोलतात. निकेश तीनदा घरी जेवून गेला आणि तिन्ही वेळा त्याने गिअरबॉक्सवरचं व्याख्यान मान डोलवून ऐकलं.

“पोरगा शांत आहे,” हे म्हणाले.

“तुमच्यापुढं कोण शांत नाई जी?” मी म्हटलं.

तर अकरा जानेवारीला आम्ही तिघं चंद्रपूरला प्रदर्शन पाहायला गेलो. पाहुणे बारा वाजता यायचे होते, आम्ही साडेदहालाच पोहोचलो. सभागृह चांगलं होतं, भिंती पांढऱ्या. दारात निकेश पांढऱ्या झब्ब्यात उभा. वाकला, डोळे मिटले, मग ‘या, आंटीजी’ म्हणाला. चहा आणि समोसे ठेवले होते. हे समोशांकडे गेले आणि मी भिंतीकडे.

आत शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवर सगळ्यात मोठा फोटो होता. दाराएवढा. गर्द झाडी, एक जाड बुंधा, बुंध्याला हात टेकून उभा असलेला एक वयस्क भिक्खू, पाठमोरा, थोडा तिरपा. एक कान दिसत होता आणि मुंडन केलेल्या डोक्याखाली मान. खाली कार्डावर संघप्रियाची भाषा: ‘वनवासी भिक्खू, उत्तर लाओस. अठरा वर्षे त्यांनी एकही शब्द उच्चारलेला नाही. जंगलच आता त्यांच्या वतीने बोलते.’

फोटो चांगला होता. हे मला मान्य करावं लागेल, कारण मी दोन मिनिटं तिथून हलले नाही. मग मला ती मान दिसू लागली. मानेवर तीन आडव्या घड्या, मधली अर्धवट. कानामागे करवंदाएवढा काळपट डाग. गाडीखाली घुसून काम करताना गरम सायलेन्सर लागला होता, त्याचा. चौऱ्याण्णव साली. मीच त्याला पंधरा दिवस मलम लावलं होतं.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आमचे यजमान भद्रावतीकडे श्रामणेर शिबिराला गेले होते. आमच्या समाजात हे नवीन नाही. दहा दिवसांसाठी माणूस डोकं आणि मिशी काढतो, चीवर नेसतो, दहा शीलं पाळतो, दुपारनंतर जेवत नाही, आणि अकराव्या दिवशी पुन्हा पँट घालून घरी येतो. दहा दिवसांच्या श्रामणेराला चीवर सांभाळता येत नाही, ते खांद्यावरून सारखं घसरतं. तिसऱ्या दिवशी यांनी निरोप पाठवला की पिना आण. मी गेले. बाईने श्रामणेराला हात लावायचा नसतो, म्हणून माझ्या साडीची गुलाबी टोपणाची पिन ताटलीत ठेवून यांच्यापुढे केली. यांनी ती स्वतः लावली, आणि उलटी लावली.

लाओसच्या जंगलात अठरा वर्षं मौन पाळणाऱ्या भिक्खूच्या खांद्यावर गुलाबी टोपणाची पिन होती. उलटी.

निकेश माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. हेही समोसा घेऊन आले. संघप्रिया मागे होती.

“हा कुठी काढला, बाबू?” मी विचारलं.

“लाओस, आंटीजी. पहाटे चार वाजता निघालो. तीन किलोमीटर चढ. वर पोहोचलो तं हे झाडाले हात लावून उभे. मी तासभर हललोच नाई. मले वाटलं, माझ्या श्वासाचा आवाज झाला तरी ते जातीन.”

“अठरा वर्सं बोलले नाई?” यांनी समोसा चावत विचारलं.

“एक शब्द नाई, अंकल.”

“अरे बापरे,” हे म्हणाले. “कठीण आहे. आमच्या डेपोत एक होता, तो आठवडाभर नाई बोलला, पण त्याची दाढ काढली होती. तं काय झालं...”

“जी,” मी म्हटलं, “जरा त्या फोटोकडं तोंड करा. असं. झाडाले हात टेकल्यासारखा हात करा.”

“काऊन?”

“करा तं.”

त्यांनी समोसा डाव्या हातात घेतला आणि उजवा वर केला. मान तिरपी झाली. तीन घड्या, मधली अर्धवट. केस वाढले होते, एवढाच फरक. संघप्रियाने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे.

“अरे, हा तं मीच!” हे मोठ्याने म्हणाले, आणि मला सांगायला लाज वाटते, त्यांच्या आवाजात आनंद होता. “आठवलं! एक पोरगा आला होता मोठा कॅमेरा घेऊन. भन्तेजी थोडं तिरपे, भन्तेजी हात झाडाले, असं करून राह्यला होता. मी पाऊण तास उभा होतो. तूच होता का रे तो?”

ज्या माणसाला निकेशने पाऊण तास ‘भन्तेजी’ म्हणून वंदन केलं, त्याच माणसासमोर बसून तो तीनदा वरण-भात जेवला आणि त्याला ओळखलं नाही. निकेशने आयुष्यात माणसाचं तोंड पाहिलेलंच नाही. तो पाठीमागून कडेला उजेड कुठे पडतो तेवढं पाहतो.

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. “कॅप्शनमध्ये थोडी मिस्टेक झाली असन, आंटीजी. फीलिंग तं तीच आहे ना?”

“अठरा वर्सं कोणी सांगितलं तुले?” संघप्रियाने विचारलं.

“कॅरेक्टर पायजे ना फोटोले.”

“मी लिहिलं ते. माझ्या हातानं. माझ्या बापाच्या मानेखाली.”

“तुमालेबी ओळखू नाई आले ना,” तो म्हणाला.

हे त्याने म्हणायला नको होतं. पण म्हणाला, आणि ते खरं होतं, आणि आमच्या मुलीला ते लागलं. ती शिबिराच्या वेळी परीक्षेत होती, तिने बापाला चीवरात पाहिलं नव्हतं, फोटो तिला फोनवर बोटाएवढा दिसला होता. ही सगळी कारणं मी मनातल्या मनात तिच्यासाठी तयार केली. तिने एकही मागितलं नाही. तिने पर्समधून पेन काढला.

“लाओसचे खरे फोटो कुठी आहेत?”

“आहेत ना, चार-पाच आहेत.” मग त्याचा आवाज खाली आला. “बारातले आठ दिवस पाणी होतं. सकाळी भन्तेजी ओळीनं भिक्षेले निघतात, दहा मिनिटांत ओळ निघून जाते. पुढं टुरिस्टचे मोबाइल. तिथी कोणी उभंच नाई राहत. आपल्या इथले लोक सांगितलं की उभे राहतात.”

“मी उभा राह्यलो,” हे म्हणाले.

“तुमी चूप राहा जी,” मी म्हटलं.

संघप्रिया पहिल्या फोटोपाशी गेली. “हा कुठला?”

“थायलंड. खरंच थायलंड.”

“हा?”

त्याने हातातली माळ फिरवली. मग म्हणाला, “सारनाथ.”

कार्डावर म्यानमार होतं. तिने खोडलं आणि वर सारनाथ लिहिलं. पुढच्या फोटोत जपानमधल्या एका प्राचीन मंदिराच्या छपराचा कोपरा होता.

“हे?”

“कामठी.”

मला हसू आवरेना. विदर्भातल्या शाळांच्या सहली जिथे जाऊन डबे खातात ते जपानी धाटणीचं बुद्धविहार त्याने छपराचा एक कोपरा कापून जपानला नेऊन ठेवलं होतं, आणि तेही चंद्रपुरात, जिथे निम्मी माणसं तिथे डबा खाऊन आलेली.

“ही कंबोडियाची भिक्खुणी?”

“बुद्धगयेत भेटली. फ्रान्सची बाई आहे. केस उवांमुळे काढले होते तिनं.”

अशी ती चाळीसही फोटोंपुढून त्याला घेऊन गेली. ती विचारायची, तो सांगायचा, ती खोडून लिहायची. मधूनमधून तो म्हणायचा, “संघप्रिया, उद्या नवीन प्रिंट काढतो ना, आता पाहुणे येऊन राह्यले.” ती पुढच्या फोटोकडे सरकायची. एकोणीस बरोबर निघाले. शेवटी ती मोठ्या फोटोपाशी आली, कार्ड पूर्ण काढलं, उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: ‘हरिदास रायपुरे, निवृत्त एस.टी. मेकॅनिक, गडचिरोली. श्रामणेर शिबिर, भद्रावती.’ ते चिकटवलं आणि पेनाला टोपण लावलं.

पाहुणे आले. त्यांना खोडलेली कार्डं दिसली नाहीत. त्यांनी दीप लावला, ‘जागतिक दर्जा’ हा शब्द दोनदा उच्चारला आणि समोसा खाऊन गेले. निकेश त्यांच्यासमोर वाकला तेव्हा त्याचे हात पूर्वीइतकेच वर, नाकापर्यंत, गेले होते. तासाभरापूर्वी आमच्या मुलीने चाळीस ठिकाणी थांबवलेला माणूस हाच का, असं कोणाला वाटलं नसतं. त्याच्या अंगाला काही चिकटत नाही.

परतीच्या गाडीत हे निकेशची बाजू घेत होते. पोरगा मेहनती आहे, फोटो तर झक्कास आला, एक कॉपी मागितली आहे. सावली गाव येईपर्यंत मी ऐकलं. मग संघप्रिया म्हणाली, “बाबा, थोडं थांबा.” आणि हे थांबले, यावरून तिचा आवाज कसा होता ते समजा.

“वीस तारखेले मी जॉइन होते,” ती मला म्हणाली. “पण तू म्हणते म्हून नाई.”

“मी कुठी काय म्हटलं?”

“चार महिने लिहिलं मी, आई. भिक्खू काय खाते, कसा चालते, मनात काय येते. लाओसचं जंगल लिहिलं. त्यातलं एकबी मी डोळ्यानं पाह्यलं नाई. आन् जे पाह्यलं होतं, ते समोर ठेवलं तं ओळखू नाई आलं.”

मी तिला म्हणणार होते की त्यात तुझा काय दोष, त्या लफंग्याचा दोष. पण ती खिडकीकडे वळली होती.

निकेश पंधरा तारखेला निघाला, त्या तीन मुलांना घेऊन. कोलकात्यापर्यंत गेले. तिथे कोणाचा तरी पासपोर्ट संपलेला निघाला, आणि तो निकेशचाच होता. आता तो मूलच्या स्टुडिओत आहे आणि सांगतो की बाहेर जाण्यापेक्षा आत जाणं महत्त्वाचं. त्याच्याविषयी माझं मत यापुढे बदलेल असं वाटत नाही.

वीस तारखेला आम्ही तिघं पहिल्या गाडीने एटापल्लीला निघालो. वाटेत टायर बसला. हे खाली उतरून ड्रायव्हरला सूचना देऊ लागले, त्यामुळे आणखी वीस मिनिटं गेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मी पाहत होते आणि प्रत्येक वळणावर इथे हिची स्कूटी बंद पडली तर, एवढंच मनात येत होतं. मोबाइलवरचे नेटवर्कचे कांडे आधीच गेले होते.

कार्यालयात पोहोचलो तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. बाहेरच्या बाकावर बसून तिने कोऱ्या कागदावर रुजू अहवाल लिहायला घेतला. नाव, पद, आदेश क्रमांक. तारखेपुढे येऊन पेन थांबला. तिथे मध्यान्हपूर्व किंवा मध्यान्हनंतर असं लिहायचं असतं. मध्यान्हनंतर लिहिलं की पहिल्याच दिवशी अर्धा दिवस गेला.

“पूर्व लिही ना,” हे म्हणाले. “दहा मिनिटं तं झाली. कोण पाहते?”

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मध्यान्हनंतर लिहिलं. खाली सही केली. मग कागद घेऊन एकटीच आत गेली.

आम्ही बाकावर बसून राहिलो. एवढं खरं लिहिणारी मुलगी ग्रामपंचायतीत कशी टिकेल, ही आता मला नवीन काळजी.